एक लांब, दोन आखूड

मेहकरच्या बसस्टँडमागच्या नव्या वस्तीत सहदेवचं घर आहे. घर कसलं, दोन खोल्या, पुढं पत्र्याचा ओटा आणि भिंतीला लागून संडास-न्हाणी. आईचे गुडघे गेले म्हणून मुलानं, जीवननं, पुण्याहून येऊन स्वतः उभं राहून कमोड बसवून घेतलं. मागं भिंतीला जरा उंच पांढरी टाकी, दांडी दाबली की पाणी. आणि एवढं सगळं घरात असताना हा शहाणा माणूस महिनाभर रोज सकाळी पायात चपला अडकवून बसस्टँडवरच्या सार्वजनिक संडासात जात होता. पाळी धरून, नाकाला उपरणं लावून. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिथं मोकळं वाटते."

मोकळं कसलं डोंबलाचं! सहदेव भीत होता. साठी ओलांडलेला, उभा जन्म पाण्याच्या नळांशी झोंबी घेतलेला माणूस आपल्याच घरच्या टाकीला भीत होता.

टाकीचं दुखणं तसं एवढंसं. तिच्या बुडाशी एक रबरी झाकण असतं, हार्डवेअरवाले त्याला फ्लॅपर म्हणतात. दांडी दाबली की साखळी ते झाकण वर ओढते, पाणी धाडकन कमोडात जातं, मग झाकण खाली बसतं आणि टाकी पुन्हा भरते. ते झाकण नीट बसेनासं झालं होतं. पाणी थेंबाथेंबानं खाली झिरपायचं, टाकी उतरायची, आणि कुणी हात लावलेला नसताना आतला नळ आपोआप सुरू होऊन ती पुन्हा भरायची. एवढंच.

पण भरताना ती वाजायची. आधी नुसतं स्स्स, मग सूर चढत चढत एक लांब शिट्टी, आणि तरंगता गोळा वर टेकता टेकता दोन आखूड. मग शांत. वीस मिनिटांनी पुन्हा एक लांब, दोन आखूड. जेवताना, दुपारी आडवं झाल्यावर, पाहुणे बसलेले असताना. शिट्टी झाली की सहदेवचा घास हातातच राहायचा आणि मान खाली जायची. त्याची बायको पंचफुला हे रोज बघायची आणि तिचा पारा चढायचा.

"आवो, लोकाईचे नळ नीट करता करता जन्म गेला तुमचा, आन् घरची टाकी रडून राह्यली ते दिसत नाही? नळ येते पाचव्या दिवशी. अर्धं पाणी त्या भोकात चाललं."

"पाहतो."

"कवा पाहता? मी मेल्यावर?"

"पाहतो म्हणलं ना!" आणि हा बाहेर. पंचफुलेला वाटायचं, म्हातारपणी आळस भरला अंगात. आळस नव्हता तो. कशाची भीती होती ते सांगायचं तर गावाकडं जावं लागेल.

सहदेव सत्तावीस वर्षं ग्रामपंचायतीचा शिपाई होता. गाव साखरखेर्ड्याच्या पलीकडं, आडरस्त्याला. नाव घेत नाही, उगाच कुणाला लागायचं. शिपाई म्हणजे गावाचा हरकाम्या. ऑफिस झाडा, दवंडी द्या, साहेब आला की चहा सांगा, आणि पहाटे उठून पाणी सोडा. पाण्याच्या कामात मात्र त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. त्याच्या पिशवीत ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कायम असायचे. त्यातून कातरून तो असा वायसर बसवायचा की दुकानातला नवाकोरा वायसर लाजावा. सहदेवचा हात लागला की गळती थांबते, असं बायाबापड्या म्हणायच्या आणि त्यालाही ते आवडायचं.

गावाचा मोठा व्हॉल्व्ह होता गोजरबाईच्या दारासमोर. गोजरबाई विधवा, पोरगी लग्न होऊन दूर गेलेली, एकर-दीड एकराचा तुकडा, बाई एकटी. पहाटे सहदेव व्हॉल्व्हचं चाक फिरवायला आला की ती काळ्या चहाचा पेला त्याच्या हातात द्यायची. तो तिला वयनी म्हणायचा. नातं काही नव्हतं, पण एवढ्या वर्षांचा चहा हे काय कमी नातं आहे? एकदा त्या चाकात सहदेवच्या उजव्या हाताचं बोट सापडलं, शेंडाच तुटला. तेव्हा हिनंच लुगड्याचा पदर टर्रकन फाडून हळद भरून बोट बांधलं होतं. "बोट गेलं तं गेलं, चाक मोडलं असतं तं गावानं तुले खाल्लं असतं," असं वरून म्हणाली. तशी तिखट बाई.

मग ते गाव हागणदारीमुक्त करायचं साल आलं. वेशीवर लावायची पाटी आधीच रंगवून तयार होती. घराघरात संडास पाहिजे, संडासाचा फोटो पाहिजे, फोटोत घरमालक पाहिजे. सरपंच होते भगवानराव. माणूस वाईट नाही, घाईचा. पुढच्या गावाच्या आधी आपलं नाव लागलं पाहिजे, एवढाच ध्यास. अकरा घरं अशी निघाली की तिथं संडासाचा पत्ताच नाही. भगवानराव म्हणाले, "आधी फोटो काढून घेऊ, मंग खड्डे खंदू. कुठं पळून चालले खड्डे?"

मग काय केलं, तर साखरखेर्ड्याहून एक निळं पत्र्याचं दार आणलं. एकच. सहदेवनं ते डोक्यावर घेतलं आणि घरोघर फिरला. विटा बिनमातीच्या एकावर एक रचायच्या, मातीवर संडासाचं भांडं ठेवायचं, पुढं दार टेकवायचं. बिजागरी नाही तर दार उभं राहायचं कसं? म्हणून सहदेव विटांच्या आत उकिडवा बसून ते आतून धरून ठेवायचा. पुढं घरमालक पाटीवर नाव लिहून उभा. फोटो झाला की विटा, भांडं, दार, सगळं पुढच्या घरी. अकरा घरं, एक दार. आज हसू येतं. तेव्हाही आलं होतं, सगळा गाव हसत होता.

अकरावं घर गोजरबाईचं. आतून सहदेव म्हणाला, "वयनी, हसा जराक, सरकारी फोटो हाये." ती म्हणाली, "नीट धर, दार पडलं तं तुह्याच अंगावर पडल." आठ दिवसांत तुमचा खड्डा खंदतो, असं भगवानरावांनी सांगितलं आणि त्यांच्या मागून सहदेवनंही सांगितलं. पण यादीत नावापुढं बरोबरची खूण झाली होती. खूण झालेल्या माणसाचा खड्डा कोण खंदतो?

पौषातल्या एका पहाटे तालुक्याचे साहेब आले. बरोबर पथक: भगवानराव, चार मेंबर, हातात झेंडूची फुलं. उघड्यावर बसलेला सापडला की त्याला फूल द्यायचं आणि फोटो काढायचा, अशी ती तऱ्हा. सहदेवच्या गळ्यात शिट्टी होती. एक लांब, दोन आखूड, ही पथकाची खूण. नाल्याच्या काठी, बाभळीखाली, तुरीच्या आडोशाला काहीतरी हललं. साहेब म्हणाले, "कोण आहे तिकडं? वाजवा."

सहदेवनं ओळखलं होतं. हिरवं लुगडं. त्या लुगड्याचा पदर त्याच्या बोटाला बांधलेला होता एकेकाळी. क्षणभर शिट्टी ओठांवर नुसती राहिली. साहेबांनी मागं वळून बघितलं, आणि त्यानं वाजवली. एक लांब, दोन आखूड.

गोजरबाई तशीच उठली. हातातला डबा कलंडला. सगळ्या पुरुषांच्या नजरा तिकडं, एकाच्या हातात मोबाइल वर झालेला. भगवानराव मोठ्यानं म्हणाले, "काय बाई, यादीत तुमचा संडास हाये, आन् तुमी इथं? लाज वाटू द्या जराक." तिनं भगवानरावांकडं बघितलंच नाही. तिनं सहदेवकडं बघितलं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, तिच्या घरी खड्डा नाही, दार मीच धरलं होतं. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. पण सहदेव मूग गिळून उभा राहिला. नोकरीला भ्याला, भगवानरावांना भ्याला, स्वतःला भ्याला, काय म्हणायचं ते म्हणा. गोजरबाई तोंडावर पदर ओढून नाल्याच्या उतारानं पळत सुटली आणि तिसऱ्या पावलाला घसरून खाली दगडात पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिचं ओरडणं सहदेवला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शिट्टी अजून त्याच्या दातात होती.

बाई वाचली. खुब्यात सळई पडली, हातात काठी आली, मांडी घालणं आणि उकिडवं बसणं कायमचं सुटलं. गावाच्या वेशीवर पाटी लागली. आणि सहदेव? तो रोज पहाटे तिच्या दारासमोर येऊन व्हॉल्व्हचं चाक फिरवत राहिला. ती उंबऱ्यात बसलेली असायची. चहा नाही, शब्द नाही, शिवी नाही. नुसती बघायची. शिवी दिली असती तर सुटला असता बिचारा. सहा वर्षं असं चाललं, मग तो निवृत्त झाला आणि मेहकरला आला. त्याला वाटलं, सुटलो.

तीन वर्षं बरी गेली. आणि मग या मोहरमच्या सुमारास टाकी वाजायला लागली.

महिन्यानं एक दिवस तो बसस्टँडवरून परत आला तर संडासाचं दार उघडं. आत पंचफुला पालथ्या बादलीवर चढलेली, टाकीचं जड झाकण दोन्ही हातांत, गुडघे लटलटतायत. तुम्ही हात लावत नाही तर मीच बघते, म्हणून चढलेली. आणि नेमकी तेव्हाच टाकी वाजली. एक लांब. सहदेवच्या डोळ्यांपुढं हिरवं लुगडं उतारावरून घसरलं. तो "पंचफुले!" म्हणून असा ओरडला की शेजारची माणसं ओट्यावर आली. त्यानं तिला कंबरेत धरून खाली उतरवलं. झाकण हातातून सुटून फरशीवर आपटलं आणि त्याचा एक कोपरा उडाला.

"येड लागलं का तुमाले?" ती धापा टाकत म्हणाली. "काय हाये त्या टाकीत? सांगा मले. भूत हाये का साप हाये?"

सहदेव तिथंच उंबऱ्यावर बसला आणि बोलला. पंचफुलेला गोजरबाई पडली ते माहीत होतं, सगळ्या गावालाच माहीत होतं. शिट्टी नवऱ्यानं वाजवली हेही माहीत होतं. साहेबाचा हुकूम, नोकर काय करणार, असं तीच चारचौघींत म्हणायची. दाराचं माहीत नव्हतं. म्हणजे दार फिरलं ते माहीत होतं, पण गोजरबाईच्या घरचा खड्डा नंतरही झाला नाही, आणि नवऱ्याला ते त्या पहाटे पक्कं ठाऊक होतं, हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

 ती म्हणाली, "नऊ वर्सं माह्या हातचं जेवून राह्यले तुमी, आन् हे पोटात ठेवून?" तिचा आवाज फाटला. "ती बाई आता कुठं जात असल हो? त्या मोडक्या पायानं?"

सहदेवला उत्तर माहीत होतं. निवृत्त होईपर्यंत त्यानं रोज बघितलं होतं. त्याच बाभळीखाली दोन उंच दगड मांडून घेतले होते तिनं, कारण उकिडवं बसता येत नव्हतं. अंधार असतानाच जायची, कुणी बघायच्या आत. यादीत तिचा संडास झालेला होता, त्यामुळं दुसरा मिळण्याची वाट बंद. त्यानं हे सगळं सांगितलं. पंचफुला डोळे पुसून उठली.

"आधी ही टाकी नीट करा," ती म्हणाली. "मंग आपण गावाले जाऊ."

बिचारा लागला कामाला. भिंतीतली तोटी बंद केली, दांडी दाबून टाकी रिकामी केली, उरलेलं पाणी फडक्यानं टिपलं. कामाला लागल्यावर हातांना आपापलं कळतं. साखळी काढली, झाकण दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवरून सोडवून उजेडात आणलं. रबर कडक होऊन वाटीसारखं वाकलं होतं आणि कडेला पांढरा खार धरला होता. झाकण ज्यावर बसतं त्या गोल कडेवरही खाराचा थर. हे सगळं अपेक्षितच होतं. पण साखळी मोजली तेव्हा तो थांबला. बसवणाऱ्यानं ती दोन कड्या आखूड अडकवली होती. म्हणजे हे झाकण पहिल्या दिवसापासून कधी पुरतं बसलंच नव्हतं. नवं होतं, मऊ होतं, तोवर कसंतरी निभावलं.

हार्डवेअरवाला म्हणाला, या टाकीचं सामान आता येत नाही, टाकीच बदला. सहदेव घरी आला आणि आपली जुनी पिशवी काढली. ट्यूबचा तुकडा होता. पण ट्यूब गोल, तिला बाक असतो; तशीच कातरून बसवली तर केसाएवढी फट राहतेच. त्यानं तुकडा उकळत्या पाण्यात टाकला, मऊ झाल्यावर पाट्याखाली दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशी सपाट झालेलं रबर जुन्या झाकणाच्या मापानं कातरलं, खालून चिकटवलं, वाळू दिलं. लिंबानं खार काढला, कड बोट फिरवून बघितली. तुटक्या बोटानं. त्याच बोटाला बारीक खरखर कळायची. साखळी दोन कड्या सैल केली. पाणी सोडलं.

मग त्यानं टाकीत कपड्यांची नीळ टाकली. झाकण गळत असेल तर कमोडातलं पाणी निळं होणार, ही साधी परीक्षा. दोघं नवरा-बायको संडासाच्या दारात स्टूल टाकून बसले, भांड्यातल्या पाण्याकडं बघत. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय येडे लोक आहेत! दहा मिनिटं झाली. पंधरा. पाणी पांढरं स्वच्छ. टाकी गप. वीस मिनिटं झाली आणि सहदेवची मान खाली गेली.

"काय झालं?" पंचफुला म्हणाली.

"तुले ऐकू आली?"

"काय?"

"एक लांब, दोन आखूड."

पंचफुलेनं टाकीवर हात ठेवला. टाकी थंड आणि मुकी होती. तिनं पदर खोचला. "उद्या सकाळची गाडी पकडा," ती म्हणाली.

सकाळच्या एसटीनं ते गावात उतरले. सहदेवच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी, पंचफुलेच्या हातात काठी. व्हॉल्व्ह होता तिथंच होता, चाकाला नवा हिरवा रंग. आणि समोर उंबऱ्यात गोजरबाई. केस पार पांढरे, अंगानं काटकी, नजर मात्र तीच.

"दोघंच्या दोघं?" ती पंचफुलेला म्हणाली. "कोण मेलं वं?"

सहदेव तिच्या पायरीखाली जमिनीवर बसला. सगळ्या रस्त्यानं त्यानं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. शेवटी म्हणाला, "वयनी, खड्डा नाही हे मले माहीत होतं. दार म्याच धरलं होतं."

गोजरबाई काठी टेकत आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात रेशनकार्डाच्या पिशवीतला फोटो होता. निळं दार, पुढं हिरव्या लुगड्यातली हसरी बाई, हातात पाटी. आणि दाराच्या कडेला आतून आलेली चार बोटं. त्यातल्या एकाला शेंडा नव्हता.

"हे बोट म्या बांधलं होतं सहदेवा," ती म्हणाली. "मले वळखू नाही येणार?"

"मंग इतके वर्सं तुमी बोलल्या काऊन नाही?"

"तू काऊन नाही बोलला?" तिचा आवाज चढला. "पडली त्याचा राग नाही मले. पाय कोणाचाही घसरते. शिट्टीचाही नाही, तुले पोट हाये. पण तुले माहीत होतं ना रे? सारे मले बेशरम म्हणून राह्यले होते, आन् एक तुले माहीत होतं की मी बेशरम नाही. तरी तू गप! सहा वर्सं तू इथं उभा राहून चाक फिरवे. मी रोज म्हणे, आज बोलल. आज बोलल. अन् तू पाणी सोडून चालला जाय."

सहदेव रडला. लहान पोरासारखा, आवाज करून रडला. पंचफुलाही रडली. गोजरबाई रडली नाही. तिनं त्याला पुरतं रडू दिलं आणि मग विचारलं, "पिशवीत काय हाये?"

"खड्डा खंदतो वयनी. तुमाले बसता येईल असं भांडं बसवतो, खुर्चीवाणी. आजपासून."

"खंद मंग. बोलू नको, खंद."

त्यानं घरामागची जागा आखली, गावातला एक मजूर सोबत घेतला आणि मुरमात पहार घातली. मुरूम कडक, दिवसभरात गुडघाभर खड्डा झाला. पंचफुला चुलीशी बसली. भगवानराव आता सरपंच नाहीत, पण पाय गावभर फिरतात. ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"काय बे सहदेव, कायले हे? यादीत हाये ना बाईचा."

सहदेवनं पहार टाकली. चार माणसं जमली होती. "यादीत हाये, जमिनीत नाही," तो म्हणाला, असा मोठ्यानं की पलीकडच्या आळीत ऐकू जावं. "दार म्या धरलं होतं. तुमाले माहीत होतं, मलेही माहीत होतं. त्या दिवशी साहेबासमोर सांगाले पाहिजे होतं, आता सांगून राह्यलो." भगवानराव थोडा वेळ खड्ड्याकडं बघून निघून गेले. नऊ वर्षांनी बोललेल्या बोलण्याचा कितपत उपयोग, कोण जाणे. सहदेवचे हात मात्र त्यानंतर पहारीवर जोरात पडायला लागले.

मजूर म्हणाला, चार दिवस लागतील. रात्री सगळे तिथंच झोपले. सहदेवला झोप कसली, तो आढ्याकडं बघत पडला. आणि झुंजुमुंजू होता होता गोजरबाई उठली. तिनं डबा भरून घेतला, काठी घेतली आणि दारात थांबली.

"सहदेवा, उठ. शिट्टी हाये का तुह्याजवळ?"

 होती. पिशवीच्या तळाशी, तंबाखूच्या डबीत. नऊ वर्षं ना वाजवली ना फेकली.

"हाये, वयनी."

"घे मंग. खड्डा होईल तवा होईल, आज तं मले जावंच लागते. पंचफुलेचे गुडघे नाही चालत. तू चाल माह्यासंग."

ती पुढं, तो मागं, काठीच्या ठक-ठक आवाजावर पाय टाकत. नाल्याचा तो काठ, ती बाभूळ, तुरीचं रान. बाभळीखाली दोन उंच दगड.  गोजरबाईनं काठीनं पायवाटेकडं बोट दाखवल्यासारखं केलं.

"तिथं उभा राह्य. पाठ करून. कोणी येऊन राह्यलं असल तं वाजव. म्हणजे त्यालेही कळल, आन् मलेही."

तो पाठ करून उभा राहिला. समोर पायवाट, पलीकडं गाव, वेशीवरच्या पाटीचा पत्रा पुसट दिसत होता. शिट्टीची चव तीच होती, लोखंड आणि तंबाखू. मागं तुरीची सळसळ, काठी दगडाला लागल्याचा आवाज. त्याला वळून बघावंसं वाटलं, ती घसरली तर नाही ना, नीट बसली ना. पण वळायचं नव्हतं. तो देवाचं नाव घेत पायवाटेवर डोळे लावून राहिला.

आणि मोटरसायकलचा दिवा दिसला. दुधाची कॅन लावलेला कुणीतरी, नाल्याकडंच वळलेला. सहदेवनं छाती भरून श्वास घेतला आणि वाजवली. एक लांब, दोन आखूड. पुन्हा. आणि पुन्हा. डोळ्यांतून पाणी, गालफडं फुगलेली, थांबायचं नावच नाही. मोटरसायकलवाला गोंधळला, ब्रेक मारला, गाडी फिरवली आणि आला तसा परत गेला. तरी सहदेव वाजवतच होता.

तेव्हा मागून, दगडांवरून, गोजरबाईचा आवाज आला, तिखट, पूर्वीसारखा.

"बस कर रे सहदेवा, गेला तो. येवढ्या जोरानं कायले वाजवून राह्यला? मी आता पळत नाही."